बहुमताने रणगोजा

होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात भाऊकाकांनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ते खरं बोलले आणि दुसऱ्यांदा खोटं. खऱ्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. खोटं मात्र सगळ्यांनी जपून ठेवलं.

खरं होतं ते टाकीचं. चहा यायच्या आधी दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बघून उगाच हसत होती. मुलीने खाली बघायचं, मुलाने पंख्याकडे बघायचं आणि वडीलधाऱ्यांनी हवेबद्दल बोलायचं, असा तो प्रसंग. त्यात भाऊकाका एकदम म्हणाले, "तुमच्या बाथरूममधली टाकी गळतेय हो." काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला, पण बाण सुटला होता. विहीणबाई उठून बघून आल्या. टाकी खरंच गळत होती, तीही थेंब थेंब, आणि बाथरूमचं दार बंद होतं.

"इथे बसून ऐकू आलं तुम्हाला?" व्याह्यांनी विचारलं.

"त्यात काय! धंदाच आहे आमचा," भाऊकाका म्हणाले.

आणि होताच तो. भाऊकाका पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर होते. एक लांब लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायची, तिचं वरचं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे कुजबुजतंय ते ऐकायचं. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या त्यांच्या गावात पाण्याचा थेंब न् थेंब मोलाचा, त्यामुळे भाऊकाकांच्या कानांना खात्यात मोठा मान होता. घरात त्याच कानांना हाक म्हणून ऐकू येत नाही, अशी काकूंची तक्रार होती, पण तो खात्याबाहेरचा प्रश्न झाला.

आता खोट्याकडे येऊ. व्याही प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वाळवंटातले छोटे गाणारे पक्षी ओळखण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. हे पक्षी म्हणजे सगळे वाळूच्या रंगाचे, सगळे मुठीत मावणारे, आणि दोन जातींमधला फरक म्हणजे एखाद्या पिसाची कड. लांबून लांबून लोक त्यांच्याकडे फोटो पाठवत आणि ते एका नजरेत नाव सांगत. दिवाणखान्याच्या भिंती असल्या फोटोंनी भरल्या होत्या. भाऊकाकांनी एकेक फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे वाळू."

"पक्षी आहे त्यात," व्याही म्हणाले.

इथे भाऊकाका दुखावले. पुढचा अर्धा तास गप्पा पक्ष्यांवरच चालल्या. होणारा जावई बोलला, विहीणबाई बोलल्या, स्वतःची लेकसुद्धा चार दिवसांत शिकल्यासारखी दोन वाक्यं बोलली. भाऊकाकांकडे मात्र कुणी बघेना. मुलीच्या बापाची ही अवस्था त्यांना सोसवेना. तेवढ्यात रणगोजा नावाच्या पक्ष्याचा विषय निघाला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, तसे भाऊकाका म्हणाले, "रणगोजा म्हणजे तोच ना, आमच्या कॉलनीच्या मागे वाळूत येतो तो? मी रोज सकाळी दात घासताना बघतो की त्याला. बाराही महिने असतो."

व्याह्यांचा कप ओठांपाशी थांबला. "बाराही महिने?"

"एक दिवस खाडा नाही."

"मग यायलाच हवं," व्याही म्हणाले. "पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येतो. लग्नाची तारीखही तेव्हाच ठरवू."

परतीच्या बसमध्ये लेकीने हळूच सांगितलं ते ऐकून, जन्मभर पाण्यात काम केलेल्या भाऊकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. व्याह्यांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याशी कित्येक वर्षांपासून बोलणं टाकलं होतं. का, तर मेव्हण्याने न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणून सांगितलं. "बाकी काहीही चालतं त्यांना," लेक म्हणाली, "पण पक्ष्याच्या बाबतीत थाप मारलेली खपत नाही. बरं झालं बाबा, तुम्ही खरोखर पाहिलाय."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या लग्नाला जितकी वर्षं झाली होती तितकी वर्षं त्या भाऊकाकांना दात घासताना पाहत आल्या होत्या, आणि दात घासताना भाऊकाकांचे डोळे मिटलेले असतात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊकाकांनी डोळे उघडे ठेवून दात घासले. कॉलनीच्या भिंतीपलीकडे वाळू होती, काटेरी झुडपं होती आणि त्यात काहीतरी हलत होतं. हलायचं थांबलं की पुन्हा नुसती वाळू. भाऊकाकांनी ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. त्यात एका पानावर एकसारखे पक्षी छापून खाली 'साम्यामुळे फसू नये' असा इशारा दिला होता. कुणी, कुणाच्या साम्यामुळे आणि कशाला फसू नये, हे कळायला काही मार्ग नव्हता.

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य मदतीला धावले. त्यांच्याकडे दुर्बीण होती. त्यांनी गच्चीवरून पंधरा मिनिटं पाहिलं आणि निदान केलं, "चंडोल आहे. चोचीवरून सांगतो. तोंड बघून माणूस ओळखतो मी, मग पक्ष्याचं काय घेऊन बसलात!"

"डॉक्टर, रणगोजा नाही का होणार?" भाऊकाकांनी अजिजीने विचारलं.

"किडलेल्या दाढेला चांगली म्हणायची सवय नाही मला."

म्हणजे जवळ जाऊन पाहणं आलं. पण भिंतीपलीकडची वाळू सरकारी, आणि दुर्बीण घेऊन तिथे पाऊल टाकायचं तर जमीन खात्याची परवानगी लागत होती. भाऊकाका अर्धा दिवस रजा टाकून तिथे गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"पक्ष्याचं नाव लिहिलेलं नाही."

"तेच तर बघायला जायचंय, बाई."

"नावाशिवाय परवानगी नाही."

"पण परवानगीशिवाय नाव कसं कळणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा," बाई म्हणाल्या. "नाहीतर स्थानिक संस्थेचा दाखला आणा, की अमुक एक पक्षी तिथे आहे म्हणून."

भाऊकाकांना राग आला, पण तो फार वेळ टिकेना. जमिनीखालची गळती नक्की कुठे आहे ते लिहून आणा, मग शोधायला माणूस पाठवतो, असं त्यांनी स्वतःच हजारो लोकांना सांगितलं होतं. आपल्याच खात्याची विद्या दुसऱ्या खात्याच्या खिडकीतून ऐकताना माणसाला कसं वाटतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

स्थानिक संस्था म्हणजे कॉलनीची सोसायटी, आणि सोसायटी म्हणजे सेक्रेटरी. सेक्रेटरींना प्रश्न कळायच्या आधी त्याची सभा कळायची. त्यांनी ताबडतोब फळ्यावर नोटीस लावली, 'भिंतीमागील पक्ष्याची ओळख निश्चित करणेबाबत'. सभेला इतकी गर्दी पाण्याची वेळ बदलली तेव्हाही झाली नव्हती.

दंतवैद्यांनी चंडोलाची बाजू मांडली. सेक्रेटरींनी रणगोजाची मांडली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "आपल्या भाऊकाकांनी मुलाकडच्यांना रणगोजा म्हणून सांगितलंय. कॉलनीची मुलगी आहे. शिवाय रणगोजा म्हटलं की जरा वजन पडतं." तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अरे, ती चिमणी आहे. धुळीत लोळलीय मेली." आजींना अनुमोदक मिळाला नाही. मग हात वर करून मतदान झालं. गावात दुसरा दंतवैद्य नव्हता, आणि दंतवैद्यांच्या विरोधात निर्भयपणे हात वर करायची संधी लोकांना पहिल्यांदाच मिळत होती. रणगोजा प्रचंड बहुमताने निवडून आला. भाऊकाका मान खाली घालून बसले होते. एका थापेला सगळ्या कॉलनीने सह्या करून दिल्यावर ती मोठी होते, खरी होत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

दाखला मिळाला, परवानगी मिळाली, आणि शनिवारी संध्याकाळी भाऊकाका कामावरून परतले तर भिंतीपलीकडे झाडूचा आवाज. सेक्रेटरींनी स्वच्छता मोहीम काढली होती. काटेरी झुडपं मुळासकट उपटून कोपऱ्यात रचली होती. वाळू झाडून सपाट केली होती, त्यावर चुन्याची रेषा मारली होती, रेषेमागे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आणि दोन बांबूंना 'रणगोजा दर्शन' असा फलक बांधला होता.

"झुडपं कुठे गेली?" भाऊकाकांनी विचारलं.

"पाहुण्यांना काटेकुटे दाखवायचे होय?" सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले.

"अहो, पण पक्षी बसणार कशावर?"

सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला. "खुर्च्या जास्तीच्याच मागवल्यात."

रविवारी सकाळी व्याही आणि विहीणबाई गाडीतून उतरले. व्याह्यांनी फलक पाहिला, रेषा पाहिली, झाडलेलं वाळवंट पाहिलं. सगळी कॉलनी इस्त्रीचे कपडे घालून खुर्च्यांवर बसली होती. समोर एक मुंगीसुद्धा नव्हती. लेक मात्र हसतमुख होती. बाबांनी पाहिलाय म्हणजे पाहिलाय, असा तिचा चेहरा होता, आणि तो चेहराच भाऊकाकांना बघवेना. आज ही सोयरीक मोडली तर ती आपल्या जिभेमुळे, आणि पोर आपल्याला एका शब्दाने बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"बाकीच्यांनी इथेच थांबा," व्याही म्हणाले. "आम्ही दोघंच जरा पुढे जाऊन येतो."

दोघं चुन्याची रेषा ओलांडून चालू लागले. झाडलेली वाळू संपली, न झाडलेली सुरू झाली, इथे तिथे झुडपं दिसू लागली. एका उतरणीवर व्याही उकिडवे बसले. भाऊकाका शेजारी बसले. ती उतरण कॉलनीच्या गच्चीवरून स्वच्छ दिसते, हे तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नाही. खुर्च्यांवरची मंडळी एव्हाना गच्चीवर पोचली होती.

व्याह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नाही. ते म्हणाले, "काय ऐकू येतंय?"

भाऊकाकांनी मान कलती केली. "उजवीकडे, त्या चपट्या दगडापाशी. फार बारीक आवाज आहे. आधी दोन लांब सूर, मग खाली घसरत येतो. पाइपाला केसाएवढी चीर गेली की साधारण असाच आवाज येतो."

"अजून येतोय?"

"हे काय, चाललाय की! तुम्हाला..."

व्याही दगडाकडे बघत होते. "मला काहीच ऐकू येत नाही," ते म्हणाले.

व्याही पुढे म्हणाले, "आणि तो रणगोजा नाही, हे मला न ऐकताही माहीत आहे. रणगोजा थंडीत येतो आणि ऊन तापलं की निघून जातो. तुम्ही बाराही महिने म्हणालात तेव्हाच मला कळलं."

झालं. "म्हणजे लग्न मोडलं," भाऊकाका पुटपुटले.

"लग्नाचं काय मध्येच?"

"तुमचे मेव्हणे... त्यांच्याशी तुम्ही बोलत नाही म्हणे. ह्याच कारणासाठी."

व्याह्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून हातात घेतली. मग म्हणाले, "त्याने न पाहिलेला पक्षी सांगितला. मी गेली दोन वर्षं न ऐकलेले सांगतोय. लोक म्हणतात, सर, ऐका, तो बघा गातोय, आणि मी मान डोलावतो. माणसांचं बोलणं येतं ऐकू. भांडी, गाड्या, दारं, सगळं येतं. हा बारीक आवाज तेवढा गेला. बाकी सगळं ठेवून नेमका तोच."

"घरी सांगितलंत?"

"कुणालाच नाही. जाणकार कुणी बरोबर आणावा, तर त्याला दुसऱ्या मिनिटाला कळेल आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना. मला असा माणूस हवा होता ज्याचे कान तयार आहेत आणि ज्याला पक्ष्यातलं ओ की ठो कळत नाही. असा माणूस शोधून सापडत नाही हो. तुम्ही आयते माझ्या सोफ्यावर येऊन बसलात."

हा मान होता की अपमान, हे भाऊकाकांना ठरवता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं अज्ञान कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

"आता वाजवून दाखवा," व्याही म्हणाले.

"काय?"

"तो जे म्हणतोय ते. शिट्टीवर. पण खालच्या सुरात, म्हणजे माझ्या कानात शिरेल."

भाऊकाकांनी शाळेनंतर शिट्टी वाजवली नव्हती. सरकारी नोकरी, त्यात मुलीचा बाप, आणि समोर साक्षात व्याही. त्यांनी ओठ पुढे काढले आणि जोर लावला.

"हा कुकर झाला," व्याही म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ट्रॅफिक हवालदार झाला. तिसऱ्या खेपेला नुसती वाफ निघाली. मग भाऊकाकांनी डोळे मिटले, सळई कानाला लावतात तसं सगळं लक्ष त्या दगडाकडे लावलं, आणि ऐकलं तसं वाजवलं. दोन लांब सूर, मग घसरत खाली, शेवटी एक बारीक हेलकावा.

व्याह्यांचा हात मध्येच वर उठला आणि तसाच राहिला. "चंडोल," ते म्हणाले. "आपला साधा चंडोल. पुन्हा वाजवा."

भाऊकाकांनी पुन्हा वाजवलं. दगडापाशी तो थांबला की हे सुरू करायचे, हे थांबले की तो. व्याही डोळे पुसत होते आणि लपवतही नव्हते. एवढा मोठा विद्वान माणूस, आणि एका साध्या पक्ष्यासाठी असा रडतोय, हे बघून भाऊकाकांचा गळा दाटून आला. दाटलेल्या गळ्याने शिट्टी वाजत नाही, म्हणून ते आवंढे गिळत गिळत वाजवत राहिले. कितीतरी वेळ त्यांनी ते थांबवलं नाही.

दोघं परत आले तेव्हा सगळी मंडळी चुन्याच्या रेषेवर ताटकळत उभी होती. विहीणबाई होत्या, काकू होत्या, लेक सगळ्यांत पुढे होती.

"काय सर?" सेक्रेटरींनी विचारलं. "रणगोजाच ना?"

व्याह्यांनी फलकाकडे पाहिलं, मग लेकीच्या चेहऱ्याकडे, मग भाऊकाकांकडे.

"हो," ते म्हणाले. "रणगोजाच."

टाळ्या पडल्या. महिनाभर भाऊकाकांनी ह्या एका शब्दासाठी जिवाचं रान केलं होतं, आणि आता तो कानावर पडल्यावर त्यांना तो सहन होईना. सख्ख्या मेव्हण्यासाठी ज्या माणसाने पक्ष्याचं खोटं नाव चालवून घेतलं नाही, तो आज आपल्यासाठी चारचौघांत खोटं बोलला. कान गेले होते, जबान तेवढी राहिली होती, तीही आता आपल्यापायी गेली, ह्या विचाराने भाऊकाकांचा जीव कासावीस झाला.

"चंडोल आहे!" ते मोठ्याने म्हणाले. "रणगोजा मी जन्मात पाहिलेला नाही. त्या दिवशी थाप मारली मी. सर माझी अब्रू झाकायला म्हणाले तसं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं."

काकूंनी कपाळाला हात लावला. मग दंतवैद्य ओरडले, "मी काय सांगत होतो? चोच! चोच बघा म्हणत होतो मी!" त्यावर सेक्रेटरी म्हणाले की ठराव रीतसर झालेला आहे, आणि पक्षी बदलायचा तर पूर्वसूचना देऊन खास सभा घ्यावी लागेल. तळमजल्यावरच्या आजींनी चिमणीचा मुद्दा पुन्हा काढला. ह्या सगळ्या गदारोळात पहिल्यांदा हसल्या त्या विहीणबाई, आणि मग काकूंनाही हसू आवरेना.

"चहा प्यायचा का?" व्याही म्हणाले. "तारीख ठरवायची राहिलीय."

तारीख ठरली. निघताना मंडळी फाटकाकडे गेली आणि लेकीने भाऊकाकांना जिन्यापाशी गाठलं.

"बाबा, थाप मारलीत ते कळलं. त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही वाळूत बसून शिट्ट्या का मारत होतात? सगळ्या गच्चीने पाहिलं. आणि ते डोळे पुसत होते. नक्की झालं तरी काय तिथे?"

भाऊकाकांच्या जिभेवर सगळं तयार होतं. इतकी चांगली गोष्ट सांगण्यासारखी त्यांच्याकडे आजवर कधीच नव्हती. ती एकदा सांगितली असती तर शिट्टीवरून कुणी त्यांना हसलं नसतं. फाटकापाशी व्याही गाडीच्या दारावर हात ठेवून थांबले होते आणि इकडेच बघत होते.

"सहज," भाऊकाका म्हणाले. "वाजवावीशी वाटली."

"सहज? बाबा, लोक तुम्हाला वेडा म्हणतील!"

"म्हणू देत," भाऊकाका म्हणाले, आणि व्याह्यांना निरोप द्यायला फाटकाकडे गेले.